साडेसोळा गुंजा

विट्यात टोनआर्म कोण दुरुस्त करणार?
हिंदुरावकाकांनी स्वतःच उघडला,
चाळीस वर्षं कोइमतुरात सोनं गाळलेल्या हातांनी.

आत केसाएवढ्या चार तारा.
हिरवी सुटलेली.
फुंकणी शोधणारा हात आवरून
जपून डाख दिला.

मग मागचं वजन फिरवत बसले
दांडी अधांतरी, थरथरून, थांबेस्तोवर.

“सुईवर भार दोन ग्रॅम,” मी म्हटलं.
“साडेसोळा गुंजा,”
आणि सुई काट्याच्या पारड्यात टेकवली
गिऱ्हाईक समोर बसल्यागत.

तबकडी फिरली.
इतकी वर्षं डाव्याच बाजूनं ऐकलेल्या
त्या तमिळ गाण्यात
उजवीकडे एक घटम निघाला.

काकू पिठाच्या हातानं दारात आल्या:
“ह्यो कोण नवीन बसलाय?”