हात बसणे

गॅबोरोनच्या सांख्यिकी कचेरीत, तिसऱ्या मजल्यावर,
रकाने भरणं हे माझं काम.
हिरे घासायचं चाक विकत घेतलं, तर ती गुंतवणूक.
त्या चाकापुढे बसून ओनालेन्ना चौदा महिने शिकली,
तो खर्च.
नियमच तसा आहे. मी केलेला नाही.

तिचा बाप लेत्लाकानेच्या खाणीवर डंपर हाकायचा,
सव्वीस वर्षं.
पाठीमागे घराएवढा दगडांचा ढीग,
पण त्यातला हिरा त्याने कधी पाहिला नाही.
हिरा पाकिटात बसून विमानाने जायचा,
दूरच्या कुठल्याशा शहरात शहाणा व्हायचा.
आमच्याकडे परत यायची ती पावती.

मग ठरलं, निदान थोडे दगड इथेच घासू.
अँटवर्पहून म्हातारा लोदेवेक आला.
पहिले तीन महिने त्याने हिऱ्याला हात लावू दिला नाही.
काच. नुसती काच.
"कान दे," म्हणायचा, "चाक बोलतं."
ओनालेन्नाला वाटायचं, म्हाताऱ्याला आमचं ऊन बाधलंय.

पाचव्या महिन्यात तिने एक खरा दगड बिघडवला.
जरासा जोर जास्त झाला, कोपरा उडाला.
त्या कोपऱ्याची किंमत माझ्या दोन पगारांएवढी.
लोदेवेकने स्वतःच्या खिशातून पैसे भरले,
आणि कपची कागदाच्या पुडीत बांधून तिला दिली.
"ही तुझी फी."
हे कुठे लिहायचं, मी साहेबांना विचारलं.
साहेब म्हणाले, नुकसान.

अकराव्या महिन्यात कधीतरी तिचा हात बसला.
कुठला वार, कुणी सांगू शकत नाही.
चाकाचा आवाज किंचित बदलला,
आणि या खेपेला तो तिला आधी कळला,
म्हाताऱ्याला नंतर.

त्या तिमाहीत देश वाढला. आकडा मीच टंकला.
दशांश चिन्हाच्या पलीकडे, तिसऱ्या-चौथ्या घरात
ती असणार कुठेतरी.
आम्ही दोन घरांवर थांबतो.

पुढे हिऱ्यांचा भाव पडला. कारखान्याला कुलूप.
लोदेवेक घरी गेला, चाकं कुणा परदेशी माणसाने उचलली.
मी गुंतवणुकीतून चाकं वजा केली.
ओनालेन्नाला वजा करायला गेलो,
तर ती मुळात लिहिलेलीच नव्हती.

आता ती बस स्टँडजवळ चष्म्याच्या दुकानात
भिंगांच्या कडा घासते. मान तशीच तिरकी, कान चाकाकडे.
हाताखाली दोन पोरं आहेत.
त्यांना अजून खरं भिंग मिळालेलं नाही.

परवा बाप गावाहून आला.
तिने त्याच्या नाकावर चष्मा बसवला,
जरा वर, जरा डावीकडे,
आणि ती जुनी पुडी उघडून त्याच्या तळहातावर ठेवली.
म्हाताऱ्याने हात उजेडात धरला. बराच वेळ.

"हा? एवढुसा?"

"बिघडलेला आहे तो, बाबा," ती म्हणाली.
"मी बिघडवलेला."