पॅटर्नची पट्टी

सोमवारी शिरोली बंद,
बाकी सहा दिवस आई फौंड्रीत, कोअर शॉपला.
शाळेला सुट्टी असली की मी डबा घेऊन जायचो.
भाकरी, खरडा, दह्याची गळकी किटली.
वॉचमन नाव विचारायचा नाही,
"फुलाबाईचं न्हवं?" एवढंच,
आणि गेट अर्धं उघडायचा.

आई वाळू मुठीत दाबायची,
मूठ उघडायची,
ढेकळाच्या भेगा बघून म्हणायची,
"वली हाय आज."
लॅबातल्या मुजावर मॅडम तीच वाळू
तोलायच्या, तापवायच्या, परत तोलायच्या
आणि वहीत लिहायच्या : तीन पूर्णांक चार.
आईची मूठ आणि मॅडमचा काटा
वर्षात दोनदाच भांडले.
दोन्ही वेळा काटा दुरुस्तीला गेला.

एकदा मॅडमनी मला स्टुलावर उभं केलं,
डोळा मायक्रोस्कोपला लावायला सांगितला.
"काय दिसतंय?"
"साबुदाण्यात मोहरी सांडल्यागत."
त्या हसल्या नाहीत.
"हं. मोहऱ्या मोज."
एकशे सव्वीस.
"परत."
एकशे एकोणतीस.
"मग खरं कुठलं?"
मला रडू यायला लागलं,
त्या म्हणाल्या, "तिसऱ्यांदा मोज की."

पुढे एका पाळीत साठ पंपबॉड्या भोकं पडून गेल्या.
मालकांनी कोअर शॉपकडे बोट केलं.
मॅडमही म्हणाल्या, कोअर ओले होते.
आई गप्प. अकरा बायका गप्प.
घरी चुलीसमोर नुसती मूठ उघडझाप करत बसली होती.
चौथ्या दिवशी मॅडम स्वतः खाली आल्या,
त्या अकराजणींसमोर वही उघडली :
"लेडलचं अस्तर ओलं होतं. माझी चूक."
लाल पेनानं तसंच लिहिलं. खाली सही.
"एवढी शिकल्याली बाई,
आनि सगळ्यांम्होरं चुकलं म्हंती,"
आई रात्री दोनदोनदा सांगत राहिली.
तिला नवल वाटत होतं.
मला हेवा.

त्याच दिवाळीत मॅडमनी
पॅटर्न शॉपमधली एक जुनी पोलादी पट्टी दिली.
कंपासपेटीतल्या पट्टीशेजारी ठेवली,
तर जुळेना.
तीस सेंटिमीटरला तीन मिलिमीटर वाढीव.
"मॅडम, पट्टी चुकलीय."
"चुकली नाही.
लोखंड निवताना आकसतं, शंभराला एक.
जे आकसणार, ते आधी धरून मोजते ही."

दहावीचा निकाल लागला त्या संध्याकाळी
आत्या पेढा तोंडात ठेवून म्हणाली,
"आता शिवणाचा क्लास लाव, मग बघू."
आईनं हातावरची वाळू झटकली.
"डिप्लोमा."
एवढा एकच शब्द, तोही इंग्रजी,
आणि ती पाणी तापवायला उठली.

पुण्यात इंटरव्ह्यूला विचारलं,
"मेटलर्जीची आवड कुठून?"
"शिरोलीत. आईचा डबा घेऊन जायचो."
तिघांतला एकजण फिस्सकन हसला.
"जायचो?"
मी ओढणी सारखी केली.
"आमच्या कोल्हापुरात बायका असंच बोलतात, सर.
मी आलो, मी बसलो,
मी एकदा नापास झालो,
मग पास झालो."
मधल्या साहेबांनी पाणी प्यायलं
आणि ग्राफाइटवरचा प्रश्न विचारला.

मुजावर मॅडम गेल्या मार्चमध्ये रिटायर झाल्या.
त्यांच्या टेबलाचा तिसरा ड्रॉवर अजून अडकतो,
लाल पेन त्याच्यातच आहे.
मला आत्तापर्यंत ते चार वेळा लागलं.

परवा कोअर शॉपमधल्या आनंदीबाईंची धाकटी
डबा द्यायला आली ती लॅबच्या दारातच थांबली.
टेबलावर दोन पट्ट्या होत्या.
तिनं न विचारता शेजारीशेजारी लावल्या,
एकीचं टोक नखानं चाचपलं, मग दुसरीचं.
कपाळाला आठी.
"मॅडम, ह्यातली एक खोटी हाय."

मी स्टूल पुढं सरकवलं.