ओलांडून

वर्षातल्या जवळजवळ निम्म्या रात्री
इथे आभाळ उघडझाप करतं.
आम्ही त्या उजेडात जाळी सांधतो.
माराकाइबोच्या सरोवरात खांबांवर आमची घरं,
खांबांवरच दवाखाना:
दोन खाटा, श्वास द्यायचा एक रबरी फुगा,
आणि मी.

त्या रात्री धक्क्यावर तिघं पडले.
नेरिओ ओरडत होता. माझा धाकटा भाऊ.
"पाय गेले, युस्मेरी, पाय गेले,"
निळे गार पाय हातांनी ओढत.
एउदोमार शिव्या देत होता,
गळ्यातली साखळी कातडीत उमटलेली.
तिसरा परका. मेरिदाकडचा, खेकडे घ्यायला आलेला.
नाव कुणी विचारलं नव्हतं.
तो गप्प होता.

"हात लावू नकोस," बायका लांबूनच,
"वीज आहे अजून त्याच्यात!"
नसते.
वीज अंगात मुक्कामाला राहत नाही.

शहरात एका म्हाताऱ्या डॉक्टरणीने शिकवलं होतं,
टेबलावर बोट आपटत:
एरवी खूप जण पडले तर
मेल्यासारखा दिसतो त्याला शेवटी बघतात.
विजेत उलटं.
ओरडतोय म्हणजे श्वास चालू आहे, तो थांबू शकतो.
गप्प आहे त्याच्याकडे आधी जा.
काळीज कधी कधी आपलं आपण सुरू होतं, पोरी,
श्वासाला मात्र आठवण करून द्यावी लागते.

नेरिओने माझा घोटा धरला होता.
एकेक बोट सोडवावं लागलं.
मग मी त्याला ओलांडलं.

फुगा दवाखान्यातच राहिलेला.
तीस वेळा छाती दाबायची, दोन श्वास.
पुन्हा तीस.
तोंडात जळक्या केसांची चव.
किती वेळ ते एउदोमारला विचारा,
तो दरवेळी वाढवून सांगतो.
कधीतरी त्या छातीने ऐकलं.

पहाटे नेरिओच्या पायांत रंग परत आला.
येणारच होता, मला ठाऊक होतं,
त्याला नव्हतं.
पाठीवर नेच्याची लाल पानं उमटली होती,
दुसऱ्या दिवशी तीही नाहीशी झाली.
दाखवायला काही उरलं नाही त्याच्याकडे.

परक्याचं नाव उबेन्सिओ.
दर नाताळला डोंगरातली कॉफी धाडतो.
नेरिओ ती पीत नाही.
पुडा उलटापालटा करतो,
उजवा कान माझ्याकडे वळवतो,
डावा त्या रात्रीच फुटला,
आणि विचारतो,
"किती पावलं होती गं, माझ्यापासून त्याच्यापर्यंत?"

चार, मी सांगते.

"चारच?" म्हणतो,
आणि जाळं उचलून होडीत उतरतो.