मोठा आकडा

इतवारीत, सराफ्याच्या तोंडाशी,
चांडकांच्या पेढीत माझे बाबा फळा लिहायचे.
पगार मुनिमाहून कमी, अक्षर मुनिमाहून चांगलं.
अकराला मुंबईचा फोन यायचा.
शेठ रिसीव्हर कानाला दाबून नुसतं हां, हां करायचे
आणि बाबांकडे बघून म्हणायचे, ऐंशी.
हजार नाही, शेकडा नाही. ऐंशी.
बाबा ओल्या फडक्यानं कालचा शेवट पुसायचे
आणि ऐंशी लिहायचे.
अलीकडचे चार हजार सहाशे
आठवडा-आठवडा तसेच उभे,
पायाशी खडूची धूळ.

मोठा आकडा सगळ्यांना ठाऊक असतो,
म्हणून तो कोणी बोलत नाही.
धरमपेठेत, तिसऱ्या मजल्यावर,
डॉलर-रुपयाच्या टेबलावर
हे मला पहिल्याच दिवशी शिकवलं,
आणि मला ते येत होतं.
बारा-चौदा, असं म्हणायचं.
बाराला घेऊ, चौदाला देऊ.
वरचे रुपये उच्चारतो तो नवखा.
गिऱ्हाइकाला विचारायचं नाही, घ्यायचेत की विकायचेत;
दोन्ही भाव एका श्वासात, आवाज सपाट.
मधल्या दोन पैशांत ऑफिसचं भाडं, एसी, माझा चहा.

बाबांच्या फळ्यावर मात्र एकच भाव,
ज्याला सोनं घ्यायचंय त्याचा.
दुसरा, मोडीचा, लिहीत नसत.
तो तोंडी. तोही हळू,
गिऱ्हाइकाचं पाणी पिऊन झाल्यावर.
काहून लिहत नाही जी, मी विचारलं होतं एकदा.
"जागा नाही न बाई फळ्यावर."
फळा सहा फुटांचा होता.

त्यांना पावकी, निमकी, औटकी तोंडपाठ.
माझ्या स्क्रीनवर दशांशानंतर चार घरं,
भाव पाव पैशानं उडी मारतो:
पंचवीस, पन्नास, पंच्याहत्तर, शून्य.
दाखवायला नेलं तर चष्मा वर करून म्हणाले,
"हे तर पावकीच हाय.
याच्यासाठी इतकी वीज जाळता?"

शहाण्णव साली, मारबतीच्या दोन दिवस आधी,
बाबांनी सकाळी फळा लिहिला,
हात धुतले,
आणि काउंटरला वळसा घालून
गिऱ्हाइकाच्या बाजूला जाऊन उभे राहिले.
खिशातून रुमाल. रुमालात आईच्या पाटल्या.
शेठनी पाणी मागवलं. ते प्यायले नाहीत.
"देवाजी, तुम्हाले काय सांगू? वीस जास्त लावतो."
"नाही शेठ. चालू हाय तेच लावा."
कसोटीवर रेघ, तराजू, घट, पावती, सगळं रीतसर.
हे मला मुनीम सांगायचा, दरवेळी थोडं वेगळं;
एकदा पाटल्या, एकदा गोठ.
वीस मात्र दरवेळी वीसच.

संध्याकाळी आईनं चुलीकडे तोंड करून विचारलं,
"केवढ्यानं?"
"चाळीस."
तिनं मान हलवली, भाकरी उलटवली.
मी दहा वर्षांची.
मला वाटलं, चाळीस रुपये.
रात्रभर तेच वाटत राहिलं.

आता फोन वाजतो.
भिवापूरचा मिरचीवाला असेल, नाहीतर हिंगण्याचा कारखाना.
ज्याला विकायचंच आहे
तो भावाआधी विचारतो, बरं आहे ना सगळं, मॅडम?
मला कळतं. आवाजाला कळू देत नाही.
बारा-चौदा, मी म्हणते.
तो थांबतो.
मागे त्याच्याकडे कुणीतरी ट्रक लावतंय,
जरा डावीकडे, जरा अजून, बस.
मी थांबते.
वरचे रुपये दोघांनाही ठाऊक आहेत.