खळ

पाटीवर काही सांडलं असेल म्हणून
मी आधी कॅसेट पुसली.
मग दुसरीच लावली.
बाबा, श्वास धरा. सोडा.
पुन्हा तेच.
कमरेच्या मणक्यांतून खाली माकडहाडापर्यंत
पांढरे थेंब,
थर्मामीटर फुटल्यावर फरशीवर पळतात तसे.
फक्त हे पळत नव्हते.

अमळनेरला स्टेशनच्या रस्त्यावर आमचं सेंटर.
मे महिना, कूलरमधलं पाणी संपलेलं,
बाक अर्धा रिकामा
आणि सुपडू बडगुजर दोन तास उभे.
एस्टीतही उभेच आले होते, जागा असताना.
कंडक्टरनं विचारलं म्हणे, नवस आहे का आजोबा?
हो म्हणून टाकलं.
खरं सांगायला पारोळ्याहून इथवरचा रस्ता पुरत नाही.

अठ्ठ्याहत्तर साल. मिलचं सायझिंग खातं.
बीम उचलताना पाठ भरली.
मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात पालथं निजवलं,
फळीला पट्ट्यांनी बांधलं,
कण्यात सुई घालून तेल सोडलं, फोटोत दिसावं म्हणून.
फळी डोक्याकडून खाली केली,
मग पायाकडून.
"गार गार काही मानपावत चढनं, मंग उतरनं.
काढी लिसूत म्हने.
मंग त्यास्नी जेवानी सुटी व्हयनी."

साडीच्या दुकानाच्या पिशवीत तो कागद अजून आहे.
शाई तपकिरी झालेली,
तळाशी एक ओळ इंग्रजीत,
जी आजवर कुणी त्यांना वाचून दाखवली नव्हती:
थोडं आत राहिलं आहे. हरकत नाही.

हरकत तिसऱ्या वर्षी आली.
तळपाय पेटले.
पाण्यात ठेवले तरी पेटलेले,
पांघरुणाचा काठ लागला तरी ओरड.
देवकाबाईंनी खाटेच्या पायांना काठ्या बांधल्या,
वर दोरी, दोरीवर चादर,
म्हणजे थंडीही वाजू नये आणि कापडही शिवू नये.
मिलच्या डॉक्टरनं लिहिलं, कामचुकार.
धुळ्याच्या डॉक्टरनं लिहिलं, मनाचं आहे.
धाकट्या भावानं शेताचा वाटा मागताना म्हटलं,
याला दुखायला बरं जमतं.
लघवी अडायला लागली तेव्हा
कुणी काही लिहिलं नाही. वय झालं, एवढंच.

मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली.
वळवायची नसते, रिपोर्ट साहेब देतात.
म्हटलं, शिरा एकमेकींना चिकटल्या असतील,
त्या तेलानं आत सूज येते, मग—
पुढचा शब्द मला मराठीत येत नव्हता.
त्यांना आला.
"खय," ते म्हणाले.
"खय जास्त पडनी का ताना चिकटी जास.
मंग एक धागा वढा, त् सगया वढातस."
आणि हवेत दोन बोटांनी
एक न दिसणारा धागा सोडवू लागले,
हलक्या हातानं,
जणू मागे अजून बाराशे धागे ताणून धरलेत
आणि मुकादम बघतोय.
मग हात खाली घेतला.
"वाफ देयेल व्हती त् सुटता. आते वाळी गयं."

सीडी नको म्हणाले, फिल्मच द्या.
चारशे रुपये, दहा-दहाच्या नोटा मध्ये घातलेल्या.
दारात जाऊन उन्हाला धरली.
मी पावती फाडत होतो, तरी बघत होतो:
म्हाताऱ्याच्या तोंडावर त्याच्याच कण्याची सावली
आणि सावलीत त्या थेंबांइतकीच
कमी-जास्त काळी टिंबं.
"दख," बायकोला म्हणाले,
"मी खोटं नही सांगत व्हतू."

देवकाबाईंनी चष्मा पदरानं पुसला,
फिल्म उलटी धरली, सुलटी धरली,
बोटानं थेंब मोजायला लागल्या,
सातापर्यंत येऊन चुकल्या, परत पहिल्यापासून.
"इतलंच?"

मी पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं.
छातीचा फोटो होता, बिडी कामगार, साफ आला.
त्यांची साडेतीनची गाडी गेली असावी,
कारण चारला चहाला बाहेर पडलो
तेव्हा ते लिंबाखाली उभेच होते,
आणि त्या शेजारी बाकावर,
मांडीवर ती फिल्म आडवी धरून,
कडा दुमडू नये म्हणून दोन्ही हातांनी.