नसेल तर

गुरुवारी रात्री शेवटची मिस्सा सुटली
की माझी पाळी सुरू होते.
रुवीच्या या एका आवारात चार देवळं
आणि चौघांत मिळून गच्चीवर टाकी एक.
पाना माझ्या हातात.
कुणाचा नळ गळतो, कुणाची मोरी तुंबलीय
हे त्यांच्या देवाखालोखाल मला ठाऊक.

मी शामुवेल ओहोळ, वडाळा मिशनचा.
फिलोमिन तुस्कानो नंदाखालची,
दाताच्या दवाखान्यात नावं लिहिते.
माझं लिहिताना थांबली.
"शामुवेल? म्हणजे आमच्यातलेच?"
मी मान हलवली. तोंडात कापूस होता.
कापूस काढल्यावरही
बरेच दिवस खरं सांगितलं नाही.

फादर भला माणूस. खुर्ची दिली, चहा दिला,
स्नानसंस्काराचा दाखला मागितला.
मी दोनदा "कसला?" म्हणालो.
आमच्यात बाप्तिस्मा म्हणतात.
दाखला म्हणजे वडाळ्याचं रजिस्टर,
आणि रजिस्टर म्हणजे आता वाळवी.
पाळकसाहेब फोनवर म्हणाले,
"पुठ्ठा शाबूत आहे, शामू. आतली नावं गेली."
फादर म्हणाले, त्याचीही सोय आहे.
पाणी ओतताना एवढंच जास्तीचं म्हणायचं:
तुझा आधी झाला नसेल तर
मी तुला...

नसेल तर.

आई इतका वेळ गप्प राहिली
की मला वाटलं बॅलन्स संपला.
मग म्हणाली, "नसेल कसा?
पांढऱ्या झबल्यात बोंबलला होतास,
अख्ख्या मंडळीनं ऐकलंय.
तुझ्या पणज्यानं म्हसोबाचा शेंदूर पुसला,
गावानं बलुतं तोडलं त्याचं,
पण मिशनच्या विहिरीत
जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या हातानं पोहरा सोडला त्यानं.
आणि तू मेणबत्ती लावणार पुतळ्यापुढं?"

फिलोमिनच्या वडिलांनी व्हिडिओवर नाव विचारलं.
मग आडनाव.
आडनावानंतर काहीच विचारलं नाही.
नंतर तिला म्हणाले,
मरियेला जो आई म्हणत नाही
तो तुझ्या आईला काय म्हणेल?
ओहोळ म्हणजे वाहतं पाणी,
हे सांगायचं राहूनच गेलं.

फोरमन वर्गीस व्हिलातल्या प्रार्थनेला जातो.
त्याच्या मते आम्ही दोघंही
धड बुडलो नाही, म्हणूनच बुडणार.
"शिंपडलेलं पाणी वाळून जातं रे.
शुक्रवारी कुरमला या,
समुद्र फुकट आहे,
दोघांना एकदमच बुडवून काढतो."
चांगला आहे वर्गीस. मला उचल त्यानंच दिली होती.

मग फिलोमिन म्हणाली, "मी तुमच्यात आले तर?"
आईला विचारलं.
या वेळी ती गप्प राहिली नाही.
"गळ्यातली माळ काढेल का ती?"
मी फोन उलटा ठेवला.

आज त्यांच्या दारातलं दगडी भांडं कोरडं.
भांड्याच्या नळाचा वॉशर कुजला होता.
कॉक बंद केला, वॉशर बदलला, पुन्हा सोडलं.
आधी हवा खोकली, मग पाणी आलं.
घुब्रात समुद्र तापवून, मीठ काढून, इथवर आणलेलं.
जिभेवर घेऊन बघितलं.
कुठल्याच चवीचं नाही.

फिलोमिन बाहेर डबा घेऊन उभी,
मागं काळे उघडे डोंगर.
आत आली, आणि सवयीनं बोटं बुडवली.
मी म्हणालो, थांब,
अजून फादरनी आशीर्वाद दिलेला नाही याला.
"नसेल तर नसेल," ती म्हणाली,
कपाळ, छाती, दोन्ही खांदे,
आणि उरलेला ओलावा माझ्या बाहीला पुसला.

रविवारी फादरांचा पहिला धडा आहे.
जायचं का, ते अजून ठरलं नाही.
टाकी अर्ध्याच्या खाली गेलीय.
निळा टँकर पहाटे साडेचारला येतो,
झाकण उघडायला कुणीतरी वर हवं.