सव्वा मीटर उंचीवर

तानंग फाट्याच्या पुलाखाली
तिसऱ्या खांबाला हळद लागली, असं चहावाला म्हणाला
आणि स्वतःच जीभ चावून गप्प बसला.

सांगलीच्या यार्डातून निघालेला ट्रक,
पहाटेचे साडेतीन, गिरणीच्या बारीक हळदीची पोती.
धुरळा खाली बसायला दुपार झाली.
डाव्या बाजूला क्लीनर होता,
बिरू यमगरच्या बहिणीचा मुलगा.
ट्रक बिरूच चालवत होता.

मी पोचले तेव्हा माझं काम एवढंच:
खांब उभा आहे का, ते लिहायचं.
उभा होता.
हातोडी लावून आकडे घेतले,
वहीचं पान पिवळं झालं,
रात्री भात कालवताना नखांत तोच वास.

जुना नकाशा मागवला. घड्यांवर फाटलेला.
सगळं धरलेलं होतं त्यात:
पुलाचं स्वतःचं वजन, वरची वर्दळ,
वारा, भूकंप,
उन्हानं ताणणं, थंडीनं आखडणं.
शेजारून जाणाऱ्या माणसाला डुलकी लागेल,
हे तेवढं कुणी धरलं नव्हतं.

आता हिशेब सांगतो: शंभर टन, आडवा,
रस्त्यापासून सव्वा मीटर उंचीवर.
घरी जाऊन टेप लावला.
सव्वा मीटर म्हणजे माझ्या मुलीचं कपाळ.
ती म्हणाली, "वाढले का गं?"

मिरजेहून दस्तगीर नदाफ आले, सहा माणसं घेऊन.
जुनी साल सोलायची, सळईला धक्का न लावता.
मग भोकं पाडायची, वीतवीत खोल,
आणि सायकलच्या पंपानं आतली धूळ उडवायची,
पोराच्या डोळ्यातलं कुसळ फुंकावं तशी.
धूळ राहिली तर रसायन धरत नाही.
रिंगा चार बोटांवर बांधा म्हटलं, तर म्हणाले,
"मॅडम, खांब करायचाय का कोंबड्यांचं खुराडं?"
पण बांधल्या.
एक सैल निघाली, ती मी न सांगता त्यांनीच तोडली.

साचा काढला त्या दिवशी बिरू आला.
हात गळ्यात अडकवलेला. कुणाशी बोलला नाही.
ओल्या गोणपाटानं खांब गुंडाळणं चाललं होतं.
गोणपाट यार्डातून आणलेलं,
कुणाचं ते मी विचारलं नाही.
पहिले दोन दिवस पाणी पिवळं ओघळलं.

तिसऱ्या दिवशी बादली त्याच्या हातात होती.
एका हाताची बादली, अर्धी भरलेली,
टँकरपासून खांबापर्यंत, परत टँकरपर्यंत.
दस्तगीरभाईंनी माझ्याकडे बघितलं.
मी रजिस्टरकडे बघितलं.
चौदा दिवस लिहिलं: पाणी, सकाळ-संध्याकाळ.
मजुराच्या नावाचा रकाना कोरा ठेवला.
ऑडिटला विचारतील. विचारू देत.

पंधराव्या दिवशी तो आला नाही.
गोणपाट सोडलं. आतून करडा, गार, नवा खांब,
चारी बाजूंनी वीतभर जाड.
पिवळं काही असेल तर ते आता आत आहे,
रिंगांच्या मागे.

कंत्राटदारानं फोटो काढला, मी सही केली.
तेवढ्यात उसाची जोडट्रॉली गेली,
मागची ट्रॉली जरा झोलली,
आणि मला आठवलं,
खांब वीतभर वाढला
म्हणजे रस्ता वीतभर कमी झाला.

उद्या पट्टे मारायला माणूस येईल, काळे आणि पिवळे.
पिवळा किती गडद, विचारत होता.
म्हटलं, तू ठरव.